चवीपुरतं

रविवारी सकाळी ताईचं वजन सगळ्या घरासमोर व्हायचं. तसं कुणी ठरवलं नव्हतं. पहिल्यांदा वजन उतरलेलं दिसलं तेव्हा सगळ्यांना आनंद झाला, म्हणून पुढच्या रविवारी सगळे जमले, आणि मग ती रीतच पडली. भावाच्या बैठकीच्या खोलीत सोफ्याशेजारी काचेचा चपटा वजनकाटा मांडलेला असायचा. आई खुर्चीत, भाऊ सोफ्यावर पाय पसरून, भावजय काट्याजवळ उकिडवी, आणि मधोमध पन्नाशीला टेकलेली एक बाई, अनवाणी, कानातलंसुद्धा काढून ठेवलेलं, श्वास रोखून उभी. बाजारात जनावर उभं करतात तशी. जनावराला निदान कुणी 'शाब्बास' म्हणत नाही.

सुरुवातीला ताईला शाबासक्या खूप मिळाल्या. भावाच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. एक दिवसाआड हॉस्पिटलात जाऊन डायलिसिसच्या मशीनला टेकायचं आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचं, एवढंच त्याचं आयुष्य उरलं होतं. किडनी द्यावी तर आईचं वय झालेलं, भावजयीचा रक्तगट जुळत नव्हता. जुळली ती थोरली बहीण, ताई. डॉक्टरांनी तिचे कागद पाहिले, तिला पाहिलं आणि म्हणाले, "सगळं उत्तम आहे. फक्त वजन उतरवा. एवढ्या वजनावर आम्ही हात लावत नाही." त्यांनी एक आकडा सांगितला. ताईनं जेवण निम्म्यावर आणलं, बस दोन थांबे आधी सोडायला लागली, आणि अंगावरचं मांस खरंच उतरलं. कपडे सैल झाले. आई शेजारणींना सांगायची, "भावासाठी करतेय हो पोर." शेवटचे चार किलो राहिले आणि काटा अडला.

अडला म्हणजे ढिम्म. एक रविवार, दुसरा रविवार, पुढचा सगळा महिना.

"काट्याचे सेल गेले असतील," त्या रविवारी आई म्हणाली.

"सेल मी कालच बदलले," भावजय म्हणाली. आवाज चढवणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची, दिवसभर लोकांना 'आता स्पष्ट दिसतंय का' असं मऊ आवाजात विचारायची. "मी चढले तर माझं बरोबर येतं, आई."

भाऊ बंद टीव्हीकडे बघत होता. त्याच्या पायांवर सूज होती आणि तोंड मात्र बसलेलं. ताई काट्यावरून उतरली आणि चपला शोधायला लागली. चपला समोरच होत्या, तरी तिला बराच वेळ दिसल्या नाहीत.

रात्रीचं जेवण ती वरच, भावाकडे घ्यायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, खालच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटीसाठी चूल पेटवण्यात अर्थ नव्हता. पूर्वी त्या टेबलावर गप्पा व्हायच्या. आता सगळे तिच्या ताटाकडे बघायचे आणि ती मान वर करायची तेव्हा सगळ्यांच्या नजरा कुठेतरी पळालेल्या असायच्या. 'तू चोरून खातेस' असं तोंडावर कुणी म्हणालं नाही. म्हणाले असते तर बरं झालं असतं. चांगल्या घरातली माणसं तसं म्हणत नाहीत. ती म्हणतात, "बघ बाई, नकळत काही जातंय का पोटात." ती म्हणतात, "वयाप्रमाणे होतं असं." आणि तुम्ही जिना उतरून गेलात की दार लावून तुमच्याबद्दल बोलतात. जिन्यात ऐकू येतं सगळं.

आहारतज्ज्ञ बाईंकडे भावजय मुद्दाम बरोबर आली.

"अडतं असं," बाई म्हणाल्या. तरुण होत्या, समजूतदार होत्या. "सगळ्यांचंच अडतं. आपण कमी खायला लागलो की शरीरही कंजूष होतं, थोडक्यात भागवायला शिकतं. घाबरू नका. मला फक्त दिवसभरात काय खाता ते सांगा. सगळं."

ताईनं सगळं सांगितलं. सकाळचा एक पाव, दुपारचा उकडलेल्या भाजीचा डबा, रात्री वर जे असेल ते मूठभर. खोटं एक अक्षर नव्हतं.

"सगळं सांगितलंत ना?" बाईंनी पुन्हा विचारलं. भावजयीनं भिंतीवरच्या फळांच्या चित्रात डोळे घातले.

दोन दिवसांनी ताई कामावरून लवकर घरी आली तर तिचंच दार उघडं. भावजय स्वयंपाकघरात, डोकं फ्रिजमध्ये.

"काय हुडकतेस गं?"

भावजय दचकली. तिच्या हातात फडकं होतं. "काही नाही, ताई. म्हटलं जरा पुसून द्यावा."

"रिकामा फ्रिज?"

"रिकामा आहे तोवर पुसणं सोपं जातं."

एरवी दोघी हसल्या असत्या. ताईनं पलंगाकडे पाहिलं. गादीचा कोपरा वर आलेला होता. गादीखालीसुद्धा बघितलं होतं बयेनं! बिस्किटांचे पुडे शोधत असणार. शाळकरी पोराच्या दप्तरात विड्या शोधतात तसे.

आणि त्याच संध्याकाळी, ताटं वाढून झाल्यावर, आई म्हणाली, "माझी शपथ घेऊन सांग, तू काही खात नाहीस ना बाहेर?"

भाऊ म्हणाला, "आई, पुरे."

"मी काय वाईट विचारलं? तिच्याच भल्याचं..."

"माझ्या कसल्या भल्याचं?" ताई ताटावरून उठली. तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. "गादी उचलून बघितलीत, फ्रिज बघितलात. आता पोट फाडून बघा. आणि तू गं," भावजयीकडे वळून, "माझ्यावर विश्वास नाही ना? मग ये माझ्या कँटीनात. एक दिवस बस माझ्या उरावर. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. बघ मी काय खाते ते."

हे रागानं बोललेलं होतं. असल्या बोलण्यावर समोरच्यानं 'अहो, असं काय बोलता' म्हणायचं असतं. भावजय म्हणाली, "येते. गुरुवारी रजा टाकते."

ताई एका चपलांच्या कारखान्याच्या कँटीनात मुख्य स्वयंपाकीण होती. दोन पाळ्यांचं जेवण, एका माणसाला कवेत मावणार नाहीत अशी पातेली, वल्ह्याएवढे पळे. वाफेनं भिंतींचा रंग सोललेला आणि फरशीवर कायम ओल, त्यामुळे सगळे रबरी बूट घालून बदकासारखे चालायचे. कांदे-बटाटे चिरायला एक काका होते, ताईपेक्षा थोराड, तोंडात कायम तंबाखू. तेही कँटीनात तिच्याइतकेच जुने. गुरुवारी भावजय ॲप्रन बांधून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली तसे काकांनी डोळे मिचकावले.

"ताई, ही तपासणी कुणाकडून आली? मालकाकडून की सरकारकडून?"

"घरून," ताई म्हणाली.

"अरे बापरे. मग मी आज आंघोळ करून यायला हवं होतं."

ताई त्या दिवशी तोऱ्यात होती. आपला निर्दोषपणा दाखवायला माणूस बोलावलेलं असलं की अंगात एक वेगळीच चपळाई येते. तिनं मोठ्या पातेल्यात चरबी वितळवली, कांदा टाकला, परतला, मांस टाकलं, पाणी घातलं. पळा बुडवायचा, त्याच्या टोकातलं डाव्या तळहातावर ओतायचं, जिभेनं चाटायचं, मीठ टाकायचं, ढवळायचं, पुन्हा तळहात. तिथून सूपकडे. तिथून पांढऱ्या सॉसकडे, लोणी पिठात मुरलं का ते बघायला. मग भात शिजला का, एक शीत; घट्ट वाटला म्हणून अजून चार शितं. मग कस्टर्ड: साखर, दूध, पुन्हा साखर, तळहात. बोलता बोलता, काकांवर ओरडता ओरडता, घाम पुसता पुसता. हात पातेल्याकडे आणि तोंडाकडे कधी जातो हे तिला कळतही नव्हतं, जसं आपण पापणी लववतो ते आपल्याला कळत नाही.

दुपारची पाळी जेवून गेली. ताईनं आपला डबा उघडला, उकडलेली भाजी खाल्ली, डबा धुतला आणि भावजयीसमोर पालथा घातला.

"बघितलंस? हे एवढंच. सकाळपासून तोंडात दुसरं काही नाही. आता वर जाऊन सांग तुझ्या सासूला."

भावजय तिच्याकडे बघतच राहिली.

"ताई, तुम्ही माझी गंमत करताय का?"

"कसली गंमत?"

"सकाळपासून तुमचं तोंड थांबलेलंच नाही."

ताईला आधी समजलंच नाही. मग समजलं आणि ती मोठ्यानं हसली. "ते होय! अगं वेडे, ती चव. चव म्हणजे काय खाणं असतं का? काका, ऐकलंत का? म्हणे मी खाते!"

काकाही हसले. स्वयंपाकी माणसाचं ते गणितच वेगळं असतं. दिवसभर चाखून संध्याकाळी तो बायकोला म्हणतो, सकाळपासून घास नाही गं पोटात, आणि तो खोटं बोलत नसतो. घास म्हणजे ताटात घेतलेला, बसून खाल्लेला. उभ्यानं, तळहातावरून जे जातं ते काम. शिंप्यानं दुसऱ्याचा कोट अंगाला लावून बघितला म्हणून तो कोट शिंप्याचा होत नाही. ताई कोवळ्या वयात या धंद्यात आली तेव्हापासून हे असंच होतं, आणि आहारतज्ज्ञ बाईंनी 'सगळं सांगा' म्हटलं तेव्हा चव सांगायची हे तिच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. श्वास किती घेता असं विचारल्यासारखं झालं असतं.

भावजय हसली नाही. ती उठली, फडताळातून एक खोलगट वाडगा काढून आणला आणि ताईच्या हाताशी ठेवला.

"दुसऱ्या पाळीचं अजून करायचंय ना? मग असं करा. जेवढं तळहातावर घ्याल तेवढंच आणखी एकदा पळ्यातून या वाडग्यात ओता. बस एवढंच."

"ओतते की. त्यात काय?"

सूप होईपर्यंतच वाडग्याचा तळ बुडाला होता. सॉस झाला तेव्हा अर्धा. कस्टर्ड उतरवायच्या आधी तो काठोकाठ भरला आणि भावजयीनं दुसरा आणून ठेवला. तोही रिकामा राहिला नाही. त्यात रस्सा, सॉस, दूध, साखर, सगळं एकमेकांत मिसळून एक तपकिरी लगदा झाला होता आणि वर चरबीचे डोळे तरंगत होते. आणि ही फक्त एका पाळीची चव होती.

काकांचं चिरणं थांबलं होतं. भांडी घासणाऱ्या दोघी नळ बंद करून बघत होत्या. ताईनं त्या वाडग्यांकडे पाहिलं आणि तिचे कान तापले. चोरी केली नव्हती तरी चोर सापडला होता. दोन वाडगे, सगळ्यांसमोर, ओट्यावर. कुठे ठेवू तोंड असं झालं तिला. तिनं दोन्ही वाडगे मोरीत उपडे केले आणि नळ पूर्ण सोडला.

"मला माहीत नव्हतं गं," ती म्हणाली. भावजयीला नव्हे, मोरीला.

"मला कळलंय ते," भावजय म्हणाली. आणि तिनं पहिल्यांदाच ताईच्या पाठीवर हात ठेवला. "माझं चुकलं, ताई. मी गादीखालीसुद्धा बघितलं."

"बघितलं ते बघितलंच. नीट तरी बसवायचीस. रात्रभर कोपरा टोचत होता."

दुसऱ्या दिवसापासून ताईनं चव घेणं बंद केलं. ते काम काकांकडे आलं आणि काकांची जीभ तंबाखूनं कधीच मेली होती. ते प्रत्येक पातेल्यापुढे "मीठ कमी आहे" म्हणायचे. पाळीवरची माणसं खिडकीतून ताटं पुढे करताना तोंड वाजवायला लागली.

"ताई, समुद्र आटवलात का?"

"नाही हो, ताई प्रेमात पडल्यात. तेव्हा मीठ जास्त पडतं."

"या वयात? मग आम्ही काय वाईट होतो?"

ताई खाली मान घालून वाढायची. इतकी वर्षं तिच्या हाताला नावाजणारी ही तोंडं. पण वजन हललं. रविवारी काट्याजवळ पुन्हा शाब्बास आली, आईनं डोळ्यांना पदर लावला, भाऊ म्हणाला, "हिला मेडल द्या रे." किलो उतरला, मग आणखी एक, मग आणखी. शेवटच्या एका किलोपर्यंत ती आली. आणि त्या रविवारी, सगळे टाळ्या वाजवत असताना, ताईला त्या नकोशा झाल्या.

चरबीच्या, तेलाच्या, लोकांच्या नजरेच्या मागे इतके दिवस ती गोष्ट दडून बसली होती. आता मध्ये काही उरलं नाही तशी ती समोर आली. ताईला भीती वाटत होती. कारणबिरण काही नव्हतं. ती भित्री होती, बस. आपल्याला झोपवणार, कुशीत चिरणार, हात घालणार. ती मांस साफ करणारी बाई होती, बकऱ्याच्या किडनीवरची चरबी अंगठ्यानं सोलून तिनं हजारदा ती गुळगुळीत वस्तू ताटलीत टाकली होती. ती कशी सुटून येते, सुटताना कसा आवाज होतो, हे तिच्या बोटांना ठाऊक होतं. तोच आवाज आपल्या आतून येणार. आणि दुसरी गोष्ट याहून वाईट. काटा अडला होता तेव्हा, सगळे तिला चोर समजत होते तेव्हासुद्धा, जिना उतरताना तिला कुठेतरी हायसं वाटायचं. आता ते हायसं काय होतं हे तिला कळलं आणि स्वतःची किळस आली.

किळस आली म्हणून माणूस सुधारतो असं नाही. दोन पाळ्यांच्या मध्ये कँटीन रिकामं असतं. काका मागच्या दारात तंबाखू मळत बसतात. ताईनं कस्टर्डच्या पातेल्यात वाडगा बुडवला, भिंतीकडे तोंड केलं आणि उभ्यानं प्यायली. घटाघटा. चव नव्हे, हे तिला माहीत होतं. तळहात कोरडा होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी तिनं वर लोणी लावलेला पाव खाल्ला.

रविवारी काटा होता तिथेच.

"अगं बाई, पुन्हा?" आई म्हणाली, आणि तिचा आवाज जुन्या वळणावर जायला लागला. "काही खाल्लंस का तू?"

"आई, अडतं असं," भावजय मध्येच म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज चढला होता. "आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं होतं, सगळ्यांचंच अडतं. ताईंवर संशय घ्यायचा नाही आता. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय त्या काय करतात ते. एकदा घेतला आपण संशय, पुरे झाला."

भाऊ म्हणाला, "बरोबर आहे."

ताई काट्यावर उभी होती. खरं बोलत होती तेव्हा गादी उचलली गेली आणि आता खोटं पोटात घेऊन उभी होती तर बाजू घेतली जात होती. तिला वाटलं, हिनं आत्ता माझ्या तोंडात मारावी. भावजयीनं तिच्या चपला उचलून पायांपाशी ठेवल्या.

तिकडे भावाचं मशीनवरचं बसणं कठीण होत चाललं होतं. मध्येच रक्तदाब पडायचा, दोनदा त्याला तिथेच ठेवून घेतलं. मग डॉक्टरांचा फोन आला: किलोभरासाठी थांबण्यात अर्थ नाही, बहिणीला पुढच्या मुलाखतीला पाठवा. ताईची युक्ती एका फोननं मोडली.

मुलाखत एका समुपदेशक बाईंकडे होती. खोलीत दोन खुर्च्या आणि एक बंद दार. भावजयीला त्यांनी बाहेरच बसवलं. बाई केस पिकलेल्या, सरळ बोलणाऱ्या होत्या.

"इथे घरचं कुणी नाही. तुमच्यावर कुणाची जबरदस्ती आहे का?"

"नाही."

"द्यायची नसेल तर आत्ता सांगा. आम्ही घरच्यांना एवढंच सांगू की तपासणीत तुम्ही योग्य ठरला नाहीत. कारण सांगत नाही. कधीच नाही. कुणी विचारलं तरी नाही."

ताईनं बंद दाराकडे पाहिलं. इतकं सोपं होतं? कस्टर्ड ढोसायची गरजच नव्हती. एक शब्द बोलायचा, बाहेर जाऊन मान हलवायची, आणि भावजय उलट तिचीच समजूत घालेल: ताई, तुम्ही तुमच्याकडून सगळं केलंत. सगळं घर तिला आयुष्यभर मान देईल. त्या मानाचं चित्र तिच्या डोळ्यांसमोर आलं आणि तिला ते बघवेना.

"देते," ती घाईनं म्हणाली. "देणार आहे मी. लिहा."

"एवढी घाई?"

"लिहा म्हटलं ना! मी वजन अडवून धरलं. मुद्दाम. लपून खात होते मी, माझा भाऊ तिकडे मरतोय आणि मी भिंतीकडे तोंड करून कस्टर्ड पीत होते. आता तुम्हाला काय ते कळलं. घ्या काढून. आजच घ्या."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर धक्काबिक्का काही नव्हता, असली माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली असावीत.

"लाज वाटते म्हणून देताय?"

"मग कशासाठी देतात लोक?"

"लाजेपोटी दिलेलं आम्ही घेत नाही. लाज ऑपरेशनपर्यंत पुरते. घरी गेल्यावर तिचा राग होतो आणि तो राग मग भावावर निघतो. मी बघितलंय. तुम्ही पुढच्या आठवड्यात या. नाही म्हणालात तरी चालेल, हो म्हणालात तरी चालेल. पण शिक्षा म्हणून नको."

म्हणजे शिक्षासुद्धा मिळणार नव्हती. ताई बाहेर आली. भावजय बाकावरून उठली. "झालं?"

"पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय."

"का?"

"ते सांगते. आधी त्याला भेटून येते."

भाऊ त्याच इमारतीत मशीनवर होता. पांघरूण गळ्यापर्यंत, एक हात बाहेर, त्यात दोन नळ्या. मशीन चालू असताना अंगातली ऊब जाते म्हणून तो कायम कुडकुडायचा. ताई शेजारच्या स्टुलावर बसली. उठून जाता येणार नाही अशा माणसाला असलं सांगणं हाही एक भित्रेपणाच, हे तिला कळत होतं. तरी तिनं सांगितलं. कस्टर्ड, लोणी, पाव, भिंत, सगळं. आणि काटा अडायचा तेव्हा बरं वाटायचं, तेही.

त्यानं हातातल्या नळ्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "किती वाडगे?"

"मोजले नाहीत."

"गोड झालं होतं का?"

"कस्टर्ड? हो. बरं झालं होतं."

"मला घोटभर पाणी मोजून देतात," तो म्हणाला आणि त्याचा आवाज फाटला. "घोटभर! आणि तू वाडगे ढोसतेस. नालायक आहेस तू, ताई. नको मला तुझं काही. जा इथून."

ताई उठली नाही. महिनोन्‌महिने सगळे तिच्याशी शब्दांना कापूस लावून बोलत होते. कुणीतरी शेवटी सरळ शिवी दिली होती आणि ती तिला लागली, जिथे लागायला हवी तिथेच. ती रडायला लागली. शेजारच्या मशीनवरच्या म्हाताऱ्यानं मान वळवून बघितलं.

"रडू नकोस, लोक बघतायत," भाऊ म्हणाला. मग छताकडे बघत म्हणाला, "मी पण तुझे घास मोजायचो. टेबलावर. तू पावाचा तुकडा उचललास की मला वाटायचं हिसकावून घ्यावा. माझी बहीण जेवतेय हे दिसायचंच नाही मला. वाटायचं, माझं काहीतरी खातेय."

"मला दिसायचं ते."

"दिसणारच. आंधळी थोडीच आहेस." त्यानं डोळे मिटले. "भीती वाटते तर बोलायचं होतंस. मला काय कमी वाटते?"

"तुला वाटते?"

"मूर्ख आहेस का? मलाही कापणारच आहेत की!"

हे ताईच्या खरंच ध्यानात आलं नव्हतं. इतके दिवस सुरी तिला एकटीलाच दिसत होती. तिनं नाक पुसलं. तिनं ठरवलं असं नाही म्हणता येणार. पण आतापर्यंत ती द्यायचा विचार करायची तेव्हा समोर काटा असायचा, आई असायची, आहारतज्ज्ञ बाई असायच्या. आत्ता समोर हा होता, सुजलेला, चिडलेला, दात वाजत असलेला.

"देणार आहे मी," ती म्हणाली. "माझी मला लाज वाटते म्हणून नाही. लाज वाटते, ती वेगळी. ती राहूच दे. तरी देणार आहे. पुढच्या आठवड्यात त्या बाईंना हेच सांगते."

"मी नको म्हणालोय."

"तुला कुणी विचारलंय?"

दार ढकलून भावजय आत आली. "ताई, काय झालं? बाईंनी का परत बोलावलं?"

भाऊ घाईनं म्हणाला, "काही नाही, जरा..."

"थांब," ताई म्हणाली आणि उभी राहिली. भावजयीला ते उभं राहून सांगायला हवं होतं. तिनं सांगितलं. भावाला सांगताना वापरले होते त्याहून कमी शब्द लागले.

भावजय ऐकत होती. तिचा चेहरा हळूहळू बंद होत गेला, दुकानाचं शटर खाली येतं तसा. "मी आईंसमोर तुमची बाजू घेतली," ती म्हणाली. मऊ आवाज. "माझ्या डोळ्यांनी बघितलंय म्हणाले."

"हो."

"तुमच्या चपला उचलून दिल्या मी."

ताईनं पायांतल्या चपलांकडे पाहिलं. नर्स दारातून म्हणाली, "एकानेच थांबायचं पेशंटजवळ." भावजयीनं पर्स खांद्यावर घेतली. "तुम्ही थांबा," ती म्हणाली आणि वळूनसुद्धा न बघता बाहेर गेली.

ताई दोन पावलं तिच्या मागे निघाली.

"जाऊ दे आता," भाऊ म्हणाला. "आत्ता गेलीस तर आणखी चिडेल. ती लगेच माफ करणारी बाई नाहीये. मला लग्नाच्या वेळचं अजून ऐकवते."

"माफ नको करू दे."

"तसं नको बोलूस. मोठेपणा वाटतो."

ताई परत स्टुलावर बसली. भाऊ कुडकुडत होता. तिनं पांघरूण ओढून त्याच्या पायांखाली खोचलं, लहानपणी खोचायची तसं घट्ट, आणि तो पाय हलवून कुरकुरला.

"ऑपरेशनच्या दिवशी तू रडणार?" त्यानं विचारलं.

"रडणार."

"हळू की मोठ्यानं?"

"अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल."

"बरं," तो म्हणाला. "मग मी आधीच झोपेचं इंजेक्शन मागून घेतो."